मुक्काम यॉर्क

पत्त्यावर 'मु. पो.' लिहिण्याची आपली रीत आहे. 'पो.' म्हणजे पोस्ट, हे वर्गातला कुणीही सांगतो, 'मु.' म्हणजे काय, असे विचारले की निम्मा वर्ग खिडकीबाहेर पाहू लागतो. 'मु.' म्हणजे मुक्काम. ज्या घरात तीन तीन पिढ्या नांदल्या, त्या घरालाही मराठी माणूस पत्त्यात मुक्कामच म्हणतो, याची मला नेहमी गंमत वाटते. जुन्या मराठीत वाटेवरच्या थांब्याला 'पेणे' असा एक नेटका शब्द होता. शब्द गेला, पण थांबण्याची हौस गेली नाही. ज्ञानोबांची पालखी आळंदीहून निघते ती पुण्याला दोन दिवस राहते, पुढे सासवड, जेजुरी, वाल्हे, लोणंद अशी मजल दरमजल करीत पंढरीला पोचते. वाटेतल्या गावांना त्या मुक्कामाचे अप्रूप वर्षभर पुरते.

आगगाडी आली आणि हे पेणे मोडले. गाडी थांबते ती तिच्या सोयीने, आणि आपण उतरतो ते एकदम शेवटी. तरी आपल्या रेल्वेने एक फट शिल्लक ठेवली आहे. लांब पल्ल्याच्या साध्या तिकिटावर पाचशे किलोमीटर ओलांडल्यावर वाटेत उतरून दोन दिवस राहण्याची मुभा आहे. हजारावर अंतर असेल तर दोनदा. 'ब्रेक जर्नी' या नावाने हा नियम मागच्या पिढीला तोंडपाठ होता. काशीला निघालेली माणसे त्याच तिकिटावर प्रयागला उतरून स्नान उरकून घेत. हल्ली आरक्षणाच्या धांदलीत त्याची आठवण फारशी कुणाला होत नाही.

मला ती झाली विलायतेतल्या एका प्रवासाचा बेत आखताना. दिवाळीच्या फराळाबरोबर वाचायला रेल्वेचे वेळापत्रक देणे म्हणजे जरा अतिप्रसंगच; पण पुढच्या उन्हाळ्यात मुलाकडे किंवा लेकीकडे तिकडे जाणारी मंडळी या सदराच्या वाचकांत पुष्कळ आहेत, आणि बेत आखण्याचे दिवस आतापासूनच सुरू होतात. म्हणून हे धाडस.

माझे काका मध्य रेल्वेत छत्तीस वर्षे गार्ड होते. 2022 साली रेल्वेने या हुद्द्याचे नाव बदलून 'ट्रेन मॅनेजर' केले. त्याआधीच आपण निवृत्त झालो म्हणून वाचलो, असे काका म्हणतात. त्यांची मुलगी, म्हणजे माझी चुलत बहीण, स्कॉटलंडच्या उत्तरेला इन्व्हर्नेस येथे राहते. तिला मुलगा झाला आणि काका-काकूंना तीन आठवड्यांसाठी बोलावणे आले. काकांचे वय चौऱ्याहत्तर. दोन्ही गुडघे दुखरे, आणि तीन वर्षांपूर्वी हृदयाची शस्त्रक्रिया झालेली. डॉक्टर म्हणाले, "या वेळी जाऊन या." त्यातले 'या वेळी' एवढेच शब्द काकूंच्या लक्षात राहिले. मेची सुट्टी आणि बरे इंग्रजी या भांडवलावर सोबत म्हणून माझी नेमणूक झाली, आणि बेत आखण्याचे काम आपसूकच माझ्या गळ्यात पडले.

लंडन ते इन्व्हर्नेस हे अंतर रुळांनी साडेपाचशे मैलांहून जास्त; मुंबई-नागपूरपेक्षा थोडे अधिकच म्हणा. जायच्या वाटा तीन. विमानाने दीड तास. दुसरी वाट रात्रीच्या गाडीची: ती युस्टन स्थानकावरून नवाच्या सुमारास निघते आणि सकाळी पोचवते. झोपायला स्वतंत्र खोली मिळते. मात्र शनिवारी रात्री ती गाडी नसते, हे पाहुण्यांच्या ध्यानात येत नाही. तिसरी वाट किंग्ज क्रॉसवरून दुपारी बाराला सुटणाऱ्या थेट गाडीची. ती यॉर्क, न्यूकॅसल, एडिंबरो, स्टर्लिंग, पर्थ करीत आठ तासांत इन्व्हर्नेसला नेते.

बहीण म्हणाली, विमानानेच या. बाबांचे गुडघे, सामान, दगदग, सारे तिने मोजून दाखवले. काकांनी ते शांतपणे ऐकले आणि म्हणाले, "रेल्वेच्या माहेरी जायचे, आणि ते विमानाने?"

यावर कुणाचे काही चालले नाही. माहेर म्हणणे खोटे नव्हते. बोरीबंदरहून ठाण्याला आपली पहिली उतारू गाडी निघाली ती 16 एप्रिल 1853 रोजी. तिकडे स्टॉकटन आणि डार्लिंग्टन यांच्यामधली रेल्वे 1825 च्या सप्टेंबरातच सुरू झाली होती, आणि लंडनहून एडिंबरोला जाणाऱ्या गाड्या आजही डार्लिंग्टनवरून जातात. काकांनी नकाशावर त्या नावावर बोट ठेवले आणि विचारले, "वाटेत उतरता येईल का?"

विलायतेतले तिकीट हा स्वतंत्र अभ्यासाचा विषय आहे. आपल्याकडे बहुतेक गाड्यांत अंतर ठरले की भाडे ठरले. तिकडे तोच डबा, तेच आसन, पण शेजाऱ्याने आपल्या दुप्पट पैसे मोजलेले असू शकतात. स्वस्त तिकीट म्हणजे 'अ‍ॅडव्हान्स'. ते ज्या गाडीचे काढले त्याच गाडीला चालते, आणि त्यावर वाटेत उतरून मागाहून पुढे जाता येत नाही. 'ऑफ-पीक' तिकीट गर्दीच्या वेळा सोडून चालते. त्यावर बहुधा उतरता येते, पण तिकिटागणिक अटी निराळ्या, आणि त्या वाचायला वकिलाची चिकाटी लागते. 'एनीटाइम' कोणत्याही गाडीला चालते आणि खिशाला चांगलेच जाणवते. यांखेरीज परदेशी पाहुण्यांसाठी 'ब्रिटरेल' नावाचा पास आहे. ठरलेल्या दिवसांत हवे तिथे चढा, हवे तिथे उतरा. दहा ठिकाणे पाहणाऱ्याला तो परवडतो. एका लेकीकडे जाऊन परत येणाऱ्याला क्वचितच.

थोडक्यात, थांबण्याचे स्वातंत्र्य तिकडे विकत घ्यावे लागते. पण त्यावर एक साधा उपाय आहे. प्रवासाचे दोन तुकडे करायचे आणि प्रत्येकाचे स्वतंत्र स्वस्त तिकीट काढायचे. लंडन ते यॉर्क एक, यॉर्क ते इन्व्हर्नेस दुसरे. मध्ये एक रात्र काढा की दोन, कुणी विचारत नाही, आणि दोहोंची बेरीज पुष्कळदा त्या मोकळ्या तिकिटापेक्षा कमी भरते. साठीच्या पुढच्या कुणालाही तिथे ज्येष्ठांचे कार्ड विकत मिळते, मग तो त्या देशाचा रहिवासी असो वा नसो. त्यावर भाड्यात एक तृतीयांश सूट मिळते. काकांनी हे दोनदा वाचून घेतले. आपल्याकडची ज्येष्ठांची सवलत 2020 च्या मार्चमध्ये काढून घेतली गेली, ते त्यांच्या मनाला फार लागले होते.

या उपायात मेख एकच. मुक्काम आधी ठरला पाहिजे. स्वस्त तिकिटे साधारण बारा आठवडे आधी विक्रीला येतात. आपल्याकडे 2024 च्या नोव्हेंबरपासून आरक्षण साठ दिवस आधी उघडते. तिकडे त्याहून आधी जागे व्हावे लागते, कारण गाडी भरत जाते तशी तिकिटे महाग होत जातात. आपली सवय अशी, की आधी जायचे-यायचे तिकीट काढायचे आणि 'वाटेचे बघू वाटेत' म्हणायचे. तिथे ही सवय कामाची नाही. फेब्रुवारीतच सांगावे लागते, की मेच्या अमुक तारखेला दुपारी मी अमुक स्थानकावर उतरणार आहे.

मग उतरायचे कुठे? माझा कौल एडिंबरोला होता. मराठी शिकवणाऱ्या माणसाने एडिंबरो टाळणे कठीण, कारण तिथल्या स्थानकाचे नावच वेव्हर्ली, म्हणजे वॉल्टर स्कॉटच्या कादंबऱ्यांवरून ठेवलेले. हरिभाऊ आपट्यांच्या ऐतिहासिक कादंबऱ्या शिकवताना दरवर्षी मी स्कॉटचे नाव घेतो. स्थानकाबाहेर त्याचे दोनशे फुटी स्मारक उभे आहे. शेजारच्या हॉटेलच्या मनोऱ्यावरचे घड्याळ मुद्दाम तीन मिनिटे पुढे ठेवतात, लोकांची गाडी चुकू नये म्हणून. हे ऐकून काकांना त्या शहराबद्दल एकदम आदर वाटला. पण एडिंबरो म्हणजे चढ-उतार आणि दगडी पायऱ्या. दोन गुडघ्यांना ते जड जाणार होते.

दुसरे नाव डरहॅमचे निघाले. 1093 साली बांधायला घेतलेले तिथले कॅथेड्रल टेकडीवर उभे आहे. पण ते गाडीतूनच इतके सुंदर दिसते, की उतरले नाही तरी चुकल्यासारखे वाटत नाही. राहिले यॉर्क. गाव सपाट, जुन्या तटबंदीच्या आतले. आणि स्थानकाला लागूनच राष्ट्रीय रेल्वे संग्रहालय, तेही विनामूल्य. 3 जुलै 1938 रोजी ताशी 126 मैलांचा वेग गाठणारे 'मॅलार्ड' नावाचे वाफेचे इंजिन तिथे ठेवले आहे. वाफेच्या इंजिनांतला तो विक्रम आजवर मोडलेला नाही. यॉर्कचे नाव पक्के झाले असे मी धरून चाललो होतो.

तेव्हा काकू बोलल्या. त्या इतका वेळ गप्प होत्या. "तीन आठवड्यांतले दोन दिवस तुम्ही त्या लोखंडाला देणार? मी नातवाला अजून मांडीवर घेतलेले नाही."

काकांनी उत्तर दिले नाही. रात्री मात्र ओट्यावर बसल्यावर ते मला म्हणाले, "छत्तीस वर्षे मी गाडीत होतो, पण वाटेत उतरलो कधीच नाही. भुसावळला उतरायचे, लाईन बॉक्स ठेवायचा, रनिंग रूममध्ये झोपायचे, उठून परतीच्या गाडीवर जायचे. जळगाव स्थानक हजार वेळा पाहिले असेन. अजिंठा पाहिला नाही. लोकांना हिरवे निशाण दाखवून पुढे धाडण्यात आयुष्य गेले. एकदा मला कुठेतरी मध्येच उतरायचे आहे."

आता सांगा, यात कुणाला चूक म्हणायचे? काकूंचे गणित खरे होते, काकांचे मागणेही खरे होते, आणि 'या वेळी' हे शब्द दोघांच्याही डोक्यावर टांगलेले होते. मी आठवडाभर कागदावर रेघोट्या ओढल्या. शेवटी जे सुचले ते अगदी साधे होते. मुक्काम जाताना नव्हे, येताना करायचा. जाताना माणसाला ओढ असते. त्या ओढीत दाखवलेले ताजमहालसुद्धा डोळ्यांत भरत नाहीत. येताना घाई कसली? घर काही पळून जात नसते. पंढरीच्या वारीत आपण उलट करतो, जाताना थाटाचे मुक्काम आणि परतवारी झपाझप. पण तिथे पुढे विठोबा असतो आणि मागे पुढच्या वर्षीचे आमंत्रण. लेकीच्या घरून निघणाऱ्या म्हाताऱ्या आईला असे पुढच्या वर्षाचे काय सांगावे? तिला वाटेत एक रात्र हवी असते, निरोप पचवायला.

काकूंनी कागद पाहिला आणि म्हणाल्या, "येताना एक नव्हे, दोन दिवस रहा." त्यांनाही तो विचार पटला असावा.

एवढे ठरल्यावर बाकीच्या गोष्टी सोप्या झाल्या. तिकडे जाणारांना उपयोगी पडतील म्हणून त्या सांगतो. पहिली गोष्ट उजेडाची. मेच्या अखेरीस इन्व्हर्नेसला रात्री साडेनऊच्याही पुढे दिवस असतो, म्हणून दुपारी बाराची गाडी घेऊन आठ तास खिडकीशी बसता येते. हीच गाडी डिसेंबरात घेतली तर काही उपयोग नाही. तिकडे तेव्हा साडेतीनच्या सुमारास सूर्य मावळतो आणि अर्धी वाट काळोखात जाते. दुसरी गोष्ट आसनाची. उत्तरेकडे जाताना उजवी खिडकी मागावी. डरहॅमचे कॅथेड्रल त्याच बाजूला, न्यूकॅसलच्या पुढचा समुद्रही त्याच बाजूला. येताना अर्थातच डावी. बेरिक येथे ट्वीड नदीवर रॉबर्ट स्टीफन्सनचा 1850 सालचा अठ्ठावीस कमानींचा पूल लागतो. त्याचे नाव 'सीमेचा पूल' असले तरी स्कॉटलंडची सीमा आणखी तीनेक मैल पुढे आहे.

तिसरी गोष्ट वाराची. रविवारी रुळांची दुरुस्ती निघते आणि गाडीऐवजी बसमध्ये बसवतात. म्हातारी माणसे बरोबर असतील तर रविवार टाळावा. नाताळच्या दिवशी गाड्याच नसतात. चौथी गोष्ट पुलाची. फोर्थच्या खाडीवरचा 1890 सालचा प्रचंड लोखंडी पूल पाहायचा असेल, तर इन्व्हर्नेसची ती थेट गाडी कामाची नाही. ती स्टर्लिंगकडून वळसा घेते. एडिंबरोला बदलून कर्कॉल्डीवरून जाणारी गाडी घ्यावी लागते. काकांनी त्या पुलावर पाणी सोडले. गुडघ्यांसाठी गाडी न बदलणे हे आमचे पहिले कलम होते.

पाचवी गोष्ट सामानाची. हमाल नाही. पण वृद्धांसाठी आणि अपंगांसाठी 'पॅसेंजर असिस्ट' नावाची विनामूल्य सोय आहे. आधी कळवून ठेवले की रेल्वेचा माणूस चाकांची खुर्ची घेऊन फलाटावर येतो आणि डब्यात चढवून देतो. खुर्ची पाहून काका बिथरले. "मी आजवर चाकांवर बसलो तो रुळांवरच," म्हणाले. पण खुर्ची आणणारा माणूस रेल्वेच्या गणवेषात होता. काकांनी त्याचा बिल्ला पाहिला आणि मुकाट्याने बसले.

जाताना सारे ठरल्याप्रमाणे झाले. पर्थच्या पुढे डोंगर लागले आणि गाडी ड्रमॉक्टरच्या खिंडीत चढली. ब्रिटनच्या मुख्य रेल्वेमार्गांवरची ही सर्वांत उंच जागा, 1484 फूट. मी हा आकडा मोठ्या अभिमानाने सांगितला. काका म्हणाले, "लोणावळे दोन हजारांवर आहे. आणि भोर घाटाचा चढ सदतीसास एक. यांना म्हणावे, या एकदा." पलीकडच्या आसनावरचे साहेब वर्तमानपत्र वाचत राहिले, म्हणून बरे.

तीन आठवडे कसे गेले ते लिहिण्याची ही जागा नव्हे. निघण्याच्या सकाळी आठच्या सुमारास आमची गाडी सुटली आणि काकू एव्हीमोर येईपर्यंत डोळ्यांना पदर लावून बसल्या. दोनच्या सुमारास यॉर्क आले. तीच गाडी पुढे लंडनला जाणार होती, आम्ही उतरलो. संध्याकाळी तटाजवळच्या लहानशा खोलीत काकूंनी लेकीला फोन केला, नातवाचा चेहरा पाहिला, आणि फोन ठेवून मला विचारले, "अजून आपण त्याच देशात आहोत ना?" मी हो म्हटले. त्या दिवशी त्या प्रथमच पोटभर जेवल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी संग्रहालय झाले. 'मॅलार्ड'पुढे काका पुष्कळ वेळ उभे होते, पण त्यांनी विचारले एवढेच, की या गाडीचा गार्ड कोण होता. माझ्यापाशी उत्तर नव्हते. दुपारी काकूंना यॉर्कचे भव्य मिन्स्टर दाखवायला मी नेले. काका म्हणाले, "तुम्ही जा. मला स्थानकावर सोडा." यॉर्कचे स्थानक 1877 सालचे. वळणावर बांधलेले असल्यामुळे त्याचे उंच छप्परही रुळांबरोबर वळत जाते. त्याखाली एका बाकावर त्यांना बसवून आम्ही गेलो.

दोन तासांनी परत आलो तेव्हा ते तिथेच होते. एक गाडी नुकतीच निघाली होती. फलाटावरच्या माणसाने शिट्टी वाजवली, दारे लागली, डबे वळणावरून दिसेनासे झाले. काकूंनी विचारले, "काय केलेत इतका वेळ?"

"गाड्या सोडल्या," काका म्हणाले. "अकरा गेल्या. छत्तीस वर्षे मला एकच स्वप्न पडायचे, की गाडी सुटली आणि मी फलाटावरच राहिलो. दचकून उठायचो. आज अकरा गाड्या माझ्यावाचून गेल्या आणि मी बसून होतो."

आमची लंडनची गाडी संध्याकाळची होती. तिला अजून पाऊण तास अवकाश होता. काकू त्यांच्या शेजारी बसल्या, पिशवीतून लाडवांचा डबा काढला, आणि बारावी गाडी आम्ही तिघांनी मिळून सोडली.

तुमच्या घरातले कुणी पुढच्या वर्षी तिकडे निघाले असेल, तर तिकिटाच्या आधी त्यांना एवढे विचारा, की वाटेत कुठे उतरायचे आहे. उत्तर यायला वेळ लागेल. तो द्या, तिकिटे बारा आठवडे आधी निघतात.